ब्लॅक बुकातले तीस रेफरन्स वाचतं कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रोजेक्ट सबमिशनचा सीझन आलाय म्हणजे झेरॉक्सवाल्यांची दिवाळी. एमबीए, एमकॉम, बीएमएसची पोरं-पोरी काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं छापून घ्यायला रांगेत उभी आहेत, आणि त्या प्रत्येक ब्लॅक बुकात, म्हणजे बाइंड केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टात, चॅप्टर दोन असतो रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, म्हणजे या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय त्याचा आढावा, त्यात पंचवीस-तीस रिसर्च पेपरची नावं, आणि बहुतेक वेळा त्यातला एकही पेपर त्या पोराने उघडून बघितलेला नसतो. मी सोलापुरात एका कॉमर्स कॉलेजची लायब्ररी सांभाळते, हे सगळं माझ्या टेबलासमोरून जातं म्हणून जरा स्पष्टच लिहितेय. पोरांना शिव्या घालायला हे पत्र नाहीये हां. गाइडच सांगतात तीस रेफरन्स पाहिजेत, एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येऊन तेवढेच मोजतात, मग पोरगं काय करणार, मागच्या बॅचच्या ब्लॅक बुकातून उचलणार नाहीतर चॅटजीपीटीला सांगणार.

चॅटजीपीटीची तर वेगळीच गंमत. जर्नल, म्हणजे पेपर छापणारं नियतकालिक, खरं, लेखकही कुठेतरी खरोखरचा प्रोफेसर, फक्त तो पेपर त्याने कधी लिहिलेलाच नसतो. डीओआय नंबर, म्हणजे प्रत्येक पेपरचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिला असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाकून बघायचा, लगेच खरं-खोटं कळतं, पण तेवढंही कुणी करत नाही कारण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तीस नको, तीन मागा, पण वाचलेले मागा.

आता कुणी म्हणेल या इंग्रजी जर्नलांमध्ये आपल्या कामाचं काय असतं, सगळं अमेरिकेतलं. तर एक उदाहरण देते. 'डझ मॅनेजमेंट मॅटर' नावाचा पेपर आहे, निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला, अर्थशास्त्रातल्या सगळ्यात मानाच्या जर्नलांपैकी एक. आणि विषय काय, तर आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि तिथून जवळच गुजरात हद्दीतलं उंबरगाव, तिथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांचे २८ प्लांट! काही प्लांटना मोठ्या कन्सल्टन्सीचे लोक फुकट दिले, पाच महिने, आणि काहींना फक्त एक महिन्याची तपासणी करून सोडून दिलं, मग दोघांची तुलना. त्यात फोटोसुद्धा आहेत, सुताची पोती कशीही रचलेली, लेबल नाही, ओल लागतेय, हत्यारं जमिनीवर विखुरलेली. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात पाय ठेवलेल्या कुणालाही ते फोटो बघून हसू येईल, इतके ओळखीचे आहेत. ज्यांनी माल नीट लावला, डिफेक्ट रोजच्या रोज लिहून ठेवले, मशीन बंद पडायच्या आधी मेंटेनन्स केला त्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली, आणि तीन वर्षांत त्यांनी नवीन प्लांटही टाकले.

मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं वेगळंच आहे. कंपनी किती मोठी होणार हे मालकाच्या हुशारीपेक्षा घरात पुरुष माणसं किती आहेत यावर जास्त ठरतं, कारण गल्ल्यावर आणि स्टोअरवर बाहेरचा माणूस बसवायला मालक तयारच नाही. हे आपल्याकडच्या कुठल्याही शेठला विचारा, तो म्हणेल यात नवीन काय सांगितलं. पण आकड्यांनिशी दाखवलेलं तुमच्या प्रोजेक्टमध्ये आलं तर एक्सटर्नल गप्प बसून ऐकेल.

हा पेपर आमच्या पोरांना का सापडत नाही तेही सांगते. ते गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या रिसर्च पेपर शोधायच्या साइटवर, आपल्या प्रोजेक्टचं अख्खं टायटल टाकतात, 'विथ स्पेशल रेफरन्स टू सोलापूर सिटी' सकट. तसं टायटल असलेले पेपर निघतात पण ते कसले असतात ते पुढे सांगते. गावाचं नाव काढा, दुकानाचं नाव काढा, मुळात प्रश्न काय आहे तेवढेच चार शब्द ठेवा, वीव्हिंग, फर्म्स, मॅनेजमेंट, इंडिया. एक चांगला पेपर हाताला लागला की त्याच्या खाली 'साइटेड बाय' असतं त्यावर क्लिक करा, म्हणजे त्याच्यानंतर कुणीकुणी त्याचा आधार घेतला ते सगळे दिसतात, डावीकडे वर्ष लावून घ्या म्हणजे यादी आवरते. या पेपरचं तसं केलं तर त्याच लेखकांचा २०२० चा पेपर मिळतो, ते २०१७ मध्ये परत त्या कारखान्यांत गेले होते, आणि शिकवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या, कारणं काय तर मॅनेजर सोडून गेले आणि मालकाला वेळ नाही. तरी न शिकवलेल्यांपेक्षा ते पुढेच होते. म्हणजे पहिलाच पेपर वाचून १७ टक्के १७ टक्के करत बसलात तर अर्धीच गोष्ट कळली.

आणि पैसे मागितले की खिडकी बंद करायची नाही. एक पेपर विकत घ्यायचा म्हणजे तीस-चाळीस डॉलर, कोण देणार. पण 'ऑल व्हर्जन्स' म्हणून बारीक लिंक असते, तिथे बऱ्याचदा लेखकाच्या वेबसाइटवर किंवा वर्ल्ड बँकेच्या वर्किंग पेपरमध्ये तोच मजकूर फुकट असतो, या पेपरचा तर आहेच. अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन ब्राउजरला टाका, पेपरची फुकट प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहावर साधं अकाउंट काढलं तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन फुकट वाचता येतात. आयआयएम अहमदाबादचं 'विकल्प' आणि बंगलोरचं 'आयआयएमबी मॅनेजमेंट रिव्ह्यू' दोन्ही सगळ्यांना खुली आहेत.

वाचायचं कसं याची पोरांना भीती वाटते, पहिल्या पानापासून सुरू करतात आणि तिसऱ्या पानावर ग्रीक अक्षरं आली की संपलं. कुणी सांगितलं ओळीने वाचायला? आधी ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, मग इंट्रोडक्शन, मग उडी मारून शेवट, मग टेबलं. समीकरणं पहिल्या फेरीत सोडून द्या. फक्त बघा की कुणावर केलं, कुठे, कधी आणि किती जणांवर. तारापूरच्या त्या कारखान्यांत सरासरी २७० माणसं कामाला होती, सोलापुरात आठ-दहा लूमवाला असतो, त्याला हे लागू पडतं का? तिथेच तर तुमचं प्रोजेक्ट सुरू होतं की.

आता ते कचरा पेपर. व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात, दोन दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेट सोबत, फी भरा. नाव नेहमी 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ' ने सुरू आणि विषय मॅनेजमेंटपासून आयुर्वेदापर्यंत सगळे एकाच अंकात. आपल्या पुणे विद्यापीठातल्याच भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये दाखवलं होतं की यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने घुसलेली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स हलक्या दर्जाची असावीत, त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग यूजीसीचीच चांगल्या जर्नलांची केअर लिस्ट आली, २०२५ मध्ये तीही बंद केली, आता कॉलेजने स्वतःच ठरवायचं कुठलं जर्नल चांगलं. ज्यांनी पैसे भरून छापलंय त्यांनीच ठरवायचं म्हटल्यावर काय होणार ते तुम्हीच बघा. तसं मोठ्या जर्नलातही फसवणूक निघते म्हणा, फॉर्मवर सही खाली न घेता वर घेतली तर माणसं जास्त खरं सांगतात असा एक गाजलेला पेपर होता, त्यातला गाड्यांच्या इन्शुरन्सचा डेटा बनावट निघाला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. तो अजून ब्लॅक बुकांत दिसतो. पेपरच्या पानावर 'रिट्रॅक्टेड' लिहिलंय का एवढं तरी बघावं.

शेवटचा मुद्दा सरकारसाठी. देशभरातल्या संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी एकत्र भरायच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेवर केंद्राने ६,००० कोटी मंजूर केलेत, २०२५ ते २०२७ तीन वर्षांसाठी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण ती सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरती, आणि महाराष्ट्रात एमबीए शिकवणारी बहुतेक कॉलेजं खाजगी विनाअनुदानित. त्यांची पोरं बाहेर. शिकून धंदा करणारा बाहेर, ज्याच्या कारखान्यावर पेपर लिहिला तो मालकही बाहेर, आणि टॅक्स मात्र सगळेच भरतात. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये प्रकाशकांनीच सार्वजनिक लायब्ररीत जाऊन कुणालाही जर्नल्स फुकट वाचता येतील अशी सोय सुरू केली होती. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, शासकीय जिल्हा ग्रंथालयं आहेत, तिथे दोन कॉम्प्युटर आणि लॉगिन द्यायला किती खर्च येतो? डाउनलोड नका देऊ हवं तर, तिथे बसून वाचू द्या. सध्याचा करार २०२७ अखेर संपतोय, पुढची बोलणी त्याआधीच होणार, तेव्हा राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाने आणि उच्च शिक्षण खात्याने जिल्हा ग्रंथालयांची मागणी आत्ताच लेखी दिल्लीला पाठवावी, नंतर योजनेत बसत नाही असं उत्तर येतं.

आपली,
एक ग्रंथपाल, सोलापूर