गोळी वेळेवर मिळते, बीपी कोण बघणार?

मा. संपादक साहेब,

एक डिसेंबर आला की तुमच्या पेपरात रॅलीचा फोटो येतो, लाल रिबीन वगैरे, ते छापाच, पण एचआयव्हीची गोळी रोज खाऊन जे आता पन्नाशीला टेकलेत त्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी रावेरकडचा, केळीच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. मला एचआयव्ही निघाला तेव्हा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, ३५० च्या खाली येईपर्यंत गोळी नाही असा नियम, म्हणजे आजार वाढायची वाट बघत बसायचं. मग २०१५ ला स्टार्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ३५ देशांतले ४,६८५ पेशंट, त्यात सीडीफोर ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केलं तर गंभीर आजार नाहीतर मृत्यूचा धोका निम्म्याहून जास्त कमी झाला. आपल्याकडेही २०१७ पासून रिपोर्ट आला की लगेच गोळी. चांगलंच झालं.

पण हार्टच्या त्रासात मात्र त्या स्टार्ट अभ्यासात लवकर औषध घेणारे आणि उशिरा घेणारे, दोन्ही गटांत खास फरक दिसला नाही. लोक तसे तरुण होते म्हणा. तरी व्हायरस दबला म्हणून आतली सूज पूर्ण जात नाही आणि रक्तवाहिन्या खराब होत राहतात, म्हणून गोळी मधेच सोडून तर अजिबात चालत नाही. २०२३ ला चाळिशीपुढच्या पेशंटना कोलेस्टेरॉलची पिटावास्टॅटिन देऊन बघितली, तर हार्ट अटॅक, लकवा असले प्रकार साधारण एक तृतीयांश कमी झाले. त्यात भारतातले पेशंट पण होते.

आणि आपण खान्देशी माणसं! शेवभाजीवर तर्री, सोबत पापड, वरून तंबाखूची चिमूट. मी जिथून गोळ्या घेतो तिथे वजन करतात, बीपीचं मशीन टेबलावर पडलेलं असतं पण कोणी पट्टा बांधत नाही.

दुसरी गोष्ट लपवालपवीची. लोक डबीचं लेबल नखाने खरवडतात, आत कापूस कोंबतात, एसटीत गोळ्या वाजू नयेत म्हणून. मग गावातल्या शुगरच्या डॉक्टरलाही काही सांगत नाहीत, आणि आपल्या गोळीतल्या डोलुटेग्राविर या औषधाने शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस बघावा लागतो, हे त्या डॉक्टरला कळणार कसं? परवानगीशिवाय त्याने हे बाहेर फोडायचं नाही असा २०१७ चा कायदा आहे, तेव्हा त्याला तरी सांगा भाऊ.

शासनाने गोळीच्या खिडकीवरच बीपी, शुगर आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल बघावं, चाळिशीनंतर स्टॅटिनचं, म्हणजे त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं, डॉक्टरने आपणहून विचारावं. एवढं छापा.

एक वाचक, रावेर तालुका
(नाव छापू नये)