शिवाराचे एकएकरी तुकडे थांबवा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मुलुंडला राहतो, आजोळ मुरबाड तालुक्यातले. गेल्या श्रावणात मामाच्या खाचरात गुडघाभर पाणी तुंबले आणि लावणी झालेले भात कुजले. पाऊस काही जगावेगळा नव्हता. वरच्या अंगाची जमीन विकली गेली, तिथे फार्महाऊसचे एकेक एकराचे प्लॉट पडले आणि त्यातल्या एकाची कंपाउंडची भिंत नेमकी ओहोळाच्या तोंडावर आली. प्लॉटवाल्याला तरी काय बोलणार? तोही आमच्यासारखाच मुंबईकर. सुट्टीच्या दिवशी झाडाखाली टेकायला मिळावे म्हणून त्याने आयुष्याची पुंजी घातली. त्याला दाखवलेल्या नकाशात ओहोळ नव्हताच.

प्लॉट मात्र नियमाच्या मापानेच पडले होते, म्हणून आपल्याला लिहितो आहे. बृहन्मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार शेतीसाठी राखलेल्या पट्ट्यात फार्महाऊस बांधायला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. दाटी होऊ नये हा त्यामागचा विचार मला पटतो. पण हिशेब करून बघा. 25 एकरांत रस्ते वजा जाता वीसेक प्लॉट पडतील. प्रत्येक घराचा पाया 150 चौरस मीटर धरला, तर सगळ्या घरांखाली मिळून पाऊण एकर जाते. बाकीच्या जमिनीवर घर नाही, तरी तिथे नांगर फिरत नाही, गुरे चरत नाहीत, आणि वरच्या ठाकूरवाडीच्या बायांना डोक्यावर मोळी घेऊन लांबचा वळसा पडतो.

आपली जुनी गावे अशी वसली नव्हती. गावठाणात घराला घर लागून, आणि बाहेर पडले की सलग शिवार. मुंबईतल्या मरोळच्या गावठाणातल्या बोळांतून चालताना ती दाटी अजून जाणवते. भोवतालची शेते मात्र इमारतींखाली गेली. मुरबाड-शहापूरकडे ती अजून आहेत.

अमेरिकेत रँडल अरेंट या नियोजनकाराने 1990च्या दशकात मांडलेली रीत इथे उपयोगी पडेल. आधी जमिनीवर काय राखायचे ते नकाशात खुणावायचे, म्हणजे पाण्याच्या वाटा, झाडी, कसदार माती. त्यानंतर घरांच्या जागा ठरवायच्या, मग रस्ते, आणि प्लॉटच्या हद्दी सर्वांत शेवटी. आपल्याकडे सुरुवातच हद्दीपासून होते.

माझी मागणी अशी. आजच्या नियमाने जेवढी घरे बसतात तेवढीच बसू द्या, एकही कमी करू नका. फक्त मोजमाप सबंध जमिनीवर करा. वीस घरे पाच-सहा एकरांत जवळजवळ बांधू द्या, विहीर आणि सांडपाण्याची सोय सामाईक असू द्या. उरलेली जमीन एका तुकड्यात मोकळी राहावी आणि गावातल्याच कसणाऱ्यांना ती खंडाने मिळावी. ओहोळाला आणि पायवाटेला कुणी भिंत घालू नये.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या मोकळ्या जमिनीवरचे बंधन सातबाऱ्यावर, इतर हक्कांत चढवा. नुसत्या मंजूर नकाशावर मला भरवसा नाही. आज जिथे ‘बाग’ लिहिलेले असते तिथेच पाच वर्षांनी दुसऱ्या टप्प्याचे बुकिंग सुरू होते. लहान प्लॉटला 1947चा तुकडेबंदी कायदा आड येईल हे मला ठाऊक आहे. त्यासाठी महसूल मंत्र्यांसोबत बसावे लागेल. कृपया बसा.

मामाच्या खालच्या अंगाची अठरा एकर जमीन यंदा विकायला निघाली आहे. तिथे अजून मोजणीचे दगड पडलेले नाहीत.

आपला नम्र,
मुलुंडचा एक रहिवासी