जर्नल मुलींचं, प्रयोग मुलांचा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा ठरलेला. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते आणि मला या मथळ्याची धास्तीच वाटते. मुलींच्या विज्ञान शिक्षणाचं सगळं आलबेल आहे, असं त्यावरून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना वाटतं. एकदा प्रयोगशाळेत डोकावून बघा.

टेबलाभोवती पाच-सहा जण, ओहमच्या नियमाचा प्रयोग. सेल, रोधक, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर यांची जोडणी मुलगे करतात. मुलगी जर्नल घेऊन कडेला उभी, 'रीडिंग सांग रे' म्हणत तक्ता भरत असते. तिचं अक्षर चांगलं ना! वायरीला हात लावू नको असं तिला कुणी म्हटलेलं नसतं, तशी वेळच येत नाही. सूक्ष्मदर्शकाचं तेच. घरी रोज कांदे चिरणाऱ्या मुलीला कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी जेमतेम दिसतात न दिसतात तोच मागून 'सरक ना' येतं. मग ती पुस्तकातली आकृती बघून रेखीव काढते आणि पैकीच्या पैकी गुण घेते. दहावीच्या विज्ञानात २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. ते किती ठिकाणी जर्नल चाळून दिले जातात, हे कुठल्याही विज्ञान शिक्षकाला खासगीत विचारा.

मी मुलींचे गट वेगळे केले. पहिला प्रश्न आला, 'मॅडम, शॉक नाही ना बसणार?' दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, आणि दहावीतली मुलगी त्यांना भीत होती. तिने जोडणी केली तर अ‍ॅमीटरचा काटा उलटा जाऊन शून्याच्या अलीकडे अडकला. मला हाक मारली, मी मुद्दामच जागची हलले नाही. थोडा वेळ ती तारांकडे बघत राहिली, मग दोन टोकांची अदलाबदल केली. काटा सरळ फिरला. त्यानंतर तिने जे केलं ते कुठल्याच जर्नलमध्ये लिहिलेलं नाही : काटा खरंच मागे जातो का हे बघायला तिने तारा पुन्हा उलट्या जोडल्या. याला गुण द्यायची सोय आपल्या पद्धतीत करता येईल का?

माझं पहिलं मागणं तेच. प्रात्यक्षिकाचे निम्मे तरी गुण प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने केलेल्या जोडणीला, सूक्ष्मदर्शकासाठी स्वतः बनवलेल्या काचपट्टीला द्या. गटाला नकोत. गट म्हटलं की कामाची वाटणी कशी होते ते वर सांगितलंच आहे.

दुसरी गोष्ट एसटीची. अहिल्याबाई होळकर योजनेतल्या मोफत पासामुळे वाडीवस्तीवरच्या मुली शाळेपर्यंत पोचतात, हे मोठंच काम आहे. पण प्रयोग होतात शाळा सुटल्यावरच्या जादा तासाला, आणि गाडी कुणासाठी थांबत नाही. मुलगे सायकलवर, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातात. मुली दप्तर उचलून स्टँड गाठतात. प्रयोगाला सलग दोन तासिका आणि त्याही मधल्या सुट्टीच्या आधी, एवढं एक परिपत्रक काढलं तरी पुरे. त्याला पैसाही लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी उपकरणं हाताळून बघायच्या केंद्र सरकारच्या योजनेतल्या कार्यशाळेसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. एका शाळेतला थ्रीडी प्रिंटर मी पाहिला, कव्हर घातलेला, हळदीकुंकू वाहिलेला. दुसरीकडे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्यांतून भूमिती मुलांच्या हातात दिली. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून जी पद्धत रुजवली, तिच्यात वेल्डिंग मुलींनाही आणि स्वयंपाक मुलांनाही. बाहेरून काही आणायची गरज नाही, शिरूर तालुक्यातल्या या पाबळपर्यंत एक चक्कर मारली तरी भागेल.

आता आदर्शांबद्दल. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आम्ही सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार घालतो, घालायलाच हवा. पण १९३३ साली मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या कमला भागवतांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारणारे संचालकही रामनच होते, हे त्या दिवशी कोण सांगतं? कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवलाच. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली आणि पुढे कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा या ताडाच्या ताज्या रसाच्या पोषणमूल्यावर काम केलं. त्यांना एकदा दार बंद करणाऱ्या त्याच बंगळूरच्या संस्थेत पुढे पुण्याच्या रोहिणी गोडबोले कणभौतिकीच्या प्राध्यापक झाल्या. ही हकिगत सांगितली की वर्गात चुळबुळ थांबते. रामन लहान होत नाहीत, मुली मात्र कान टवकारतात.

तरीही भिंतीवरच्या फोटोपेक्षा समोर बसून बोलणारी बाई जास्त उपयोगी. महावितरणमध्ये खांबावर चढणारी तंत्रज्ञ, तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासणारी मुलगी, माती परीक्षण करणारी कृषी अधिकारी. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण देशी वाणांची बियाणं निवडण्यात, जपण्यात त्यांनी जे निरीक्षण केलं ते आमच्या नववीच्या पुस्तकापेक्षा खोल आहे. अशा बायकांना शाळेत बोलावायला प्रवासखर्चाचं एक शीर्ष हवं. शाल-श्रीफळ नको. त्यांनी हत्यारं घेऊन यावं आणि ती मुलींना हाताळू द्यावीत.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला. विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आपण याल तेव्हा दारात रांगोळी, औक्षणाचं ताट आणि स्वागतगीत घेऊन मुली उभ्या असतील. त्यातल्या निम्म्या विज्ञानात हुशार असतात आणि त्या दिवशी त्यांना प्रदर्शन बघायलाही मिळत नाही. हे स्वागत नको म्हणून आपल्या कार्यालयातून आधीच कळवा. आत आल्यावर एखाद्या मुलीला तिचं मॉडेल उघडून, वायर काढून पुन्हा जोडून दाखवायला सांगा. थर्माकोलचा ज्वालामुखी दिसला तर कृपया पुढच्या टेबलाकडे चला.

कळावे,
आपली,
एक विज्ञान शिक्षिका