माळ्यावरचे बूट

अश्दोद, इस्रायल, 14 ऑगस्ट 2024

प्रिय ताई,

सप्रेम शालोम. तुझा प्रश्न पंधरा दिवस तसाच पडून आहे. "तुझा धाकटा तर 2015 मध्येच सैन्यातून सुटला ना? मग पुन्हा कसा बोलावतात?" असं तू विचारलंस आणि मी नुसते जोडलेले हात पाठवून गप्प बसले. काय करू, ते फोनवर बोटाने टाइप करत सांगण्यासारखं नाही. काल बिरड्याचा सण झाला, आज हे डॉक्टरकडे गेलेत, घर शांत आहे, म्हणून सरळ कागद घेतला.

आपल्या डोक्यात फौज म्हणजे काय, तर आपले पणजोबा. बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन अलिबागला परत आले, पगडी खुंटीला अडकवली आणि ओसरीवर बसून पेन्शनीचे रुपये मोजले. आला तो आलाच. इथे तसं नाही. पोराची अडीच-तीन वर्षं भरली की शिहरूर होतो, म्हणजे सुटका. आई मिठाई वाटते, पोरगा केस वाढवतो आणि पाठीवर पिशवी टाकून हिंदुस्थान बघायला निघतो. आमचा धाकटाही तसाच तुमच्याकडे ठाण्याला आला होता आणि रोज दोन वडापाव खात होता. पण सुटका झाली त्याच दिवशी त्याचं नाव एका वहीतून खोडून दुसऱ्या वहीत चढलेलं असतं. त्या दुसऱ्या वहीला म्हणतात मिलुईम. मूळ शब्द भरण्यावरून आलाय, भरून काढणं. कायमची फौज लहान, मग खड्डा पडला की तो या लोकांनी भरायचा. शिपायाला चाळिशीपर्यंत, अधिकाऱ्याला पंचेचाळिशीपर्यंत, ड्रायव्हर नि डॉक्टर असला तर त्याहून पुढे.

एरवी याचा कोणी बाऊ करत नाही. साध्या शिपायाला तीन वर्षांत मिळून 54 दिवस, असा 2008 चा कायदा आहे. ह्यांनीही इथे आल्यावर थोडं लष्करी शिक्षण घेऊन चाळिशी उलटेपर्यंत पहारे केले. खरं सांगू? बाप्ये खुशीने जायचे. पत्ते, कॉफीची छोटी किटली, घरातली कटकट नाही.

पण वेगळा एक हुकूम असतो, त्याला त्साव श्मोने म्हणतात, आठ नंबरचा हुकूम. तो आणीबाणीचा. त्यात तारीख-बिरीख विचारत नाहीत. असशील तसा ये.

गेल्या वर्षी 7 ऑक्टोबरला, शनिवारी, सिमहात तोराचा, म्हणजे तोरावाचन पुरं झाल्याचा सण होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास गाझातून हमासचा हल्ला सुरू झाला आणि रॉकेटचा भोंगा वाजला. आमच्या गावाला भोंग्यापासून 45 सेकंद मिळतात आणि आमची बिल्डिंग जुनी, घरात पक्की खोली नाही, म्हणजे जिन्यात उभं राहायचं. सूनबाई नातवाला घेऊन, मी गाउनवर ओढणी घेऊन, वरच्या मजल्याची रशियन म्हातारी मांजर घेऊन. सणासाठी पोरं आमच्याकडेच राहायला आलेली. आपण शब्बाथला फोनला हात लावत नाही, पण त्या दिवशी फोन थांबेचना. आधी धाकट्याच्या तुकडीतल्या मित्रांचा ग्रुप, मग तो आठ नंबर. त्या दिवसांत तीन लाखांवर माणसं अशी बोलावली गेली.

तो स्टुलावर चढला आणि माळ्यावरून पिशवी काढली. गणवेश ठीक होता, पोटाला जरा घट्ट. बूट काढले नि पायात घातले, दोन पावलं टाकली, आणि उजव्या बुटाचा तळ सुटून लादीवर राहिला. आठ वर्षं उन्हाळ्यात माळ्यावर तापून त्याचा नुसता भुगा झाला होता. हातात घेतला तर शिळ्या केकसारखा. आम्ही सगळे बघतच राहिलो आणि मग, तुला खोटं वाटेल, तो हसायला लागला. शेवटी एसी दुरुस्तीला जाताना घालतो ते स्पोर्ट शूज घालून माझा पोरगा लढाईला गेला. लादीवरचा काळा भुगा मी सण असूनही झाडून काढला. तो दिसायला नको होता मला.

पहिल्या फेरीत उत्तरेला होता, लेबनॉनच्या हद्दीवर. तिथली गावं रिकामी करून साठेक हजार माणसं हॉटेलांत नि नातेवाइकांकडे हलवली होती. फोटो पाठवायचा: सफरचंदाच्या बागा, झाडाखाली सडा, उचलायला माणूस नाही. मी इथून मोजे पाठवायचे, पोह्यांचा चिवडा पाठवायचे. त्याच्या तुकडीत एक मोरोक्कन आहे, तो आता चिवड्याला "पोखे" म्हणून मागतो.

जानेवारीत परत आला. साडेतीन महिने. घरी आल्यावर कितीतरी दिवस तो उभ्यानेच जेवायचा. ओट्याला टेकून, ताट हातात. बस म्हटलं की बसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. मी नवस बोलले होते, एलियाहू हन्नाबीचा, आपल्या एलिया संदेष्ट्याचा, मलिदा केला. पोहे इथे मिळतात, नारळ मात्र तुमच्यासारखा नाही, खवताना खोबऱ्याला दूधच सुटत नाही. त्या दिवशी सगळ्यांबरोबर तो खाली बसून जेवला.

मला वाटलं, झालं. तिथेच माझी चूक.

जूनमध्ये पुन्हा कागद आला. आठ नंबरचा नाही, साधा तारखेचा: 1 सप्टेंबरला हजर, दोन महिने. जून ते सप्टेंबर हाच एसीवाल्याचा हंगाम. नुकसानभरपाई मिळते, नाही असं नाही, नॅशनल इन्शुरन्स आधीच्या कमाईच्या हिशोबाने पैसे देतं. नोकरदाराला मिलुईममध्ये असताना काढताही येत नाही. पण स्वतःच्या धंद्याचं गिऱ्हाईक कोण सांभाळणार? चाळीस डिग्रीत ज्याचा एसी बंद पडतो तो दोन महिने थांबत नाही, दुसऱ्याला फोन लावतो. गेल्या खेपेला तुटलेली गिऱ्हाइकं अजून परत आलेली नाहीत.

शेजारच्याची तर गंमतच. चाळिसावा वाढदिवस म्हणून त्याच्या बायकोने केक आणला, आता सुटला म्हणून. सरकारने सुटकेचं वय तात्पुरतं वर्षाने वाढवलेलं, ते तिच्या ध्यानातच नव्हतं. केक सगळ्यांनी खाल्ला.

आणि मला राग कशाचा येतो सांगू? एका घरातून तोच तो पोरगा दोनदा, तीनदा, आणि दुसरीकडे येशिवात, म्हणजे धर्माच्या पाठशाळेत, शिकणाऱ्यांना एकदाही नाही. 25 जूनला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांनाही घ्या. सांगितलं खरं. मी धर्म मानते, शब्बाथच्या मेणबत्त्या चुकवत नाही, पण हे मला पटत नाही. यावरून सिनेगॉगमध्ये एका बाईशी वाजलंसुद्धा.

तू विचारलंस, टीव्हीवर गाझातलं दाखवतात ते बघवतं का. नाही बघवत. आमच्याकडून ओलीस नेलेले अजून तिथे आहेत, आणि तिथली लहान मुलंही तिथेच आहेत. थोरला एक बोलतो, हे दुसरं बोलतात, शुक्रवारी जेवताना आवाज चढतात. धाकटा, जो जाऊन आलाय, तो काहीच बोलत नाही. पोळी मागतो.

त्याला मी विचारलं होतं, नाही म्हणता येत नाही का रे? काही जण नाही म्हणतात, तब्येतीचा कागद आणतात. तो म्हणाला, मी नाही गेलो तर माझी जागा त्या मोरोक्कनच्या वाट्याला येईल, त्याला तीन पोरं आहेत. पुढे मी काय बोलणार.

नवे बूट घेतलेत, सूनबाईने पसंत केले. आता ते माळ्यावर ठेवत नाही, दाराशीच असतात. नातू त्यात आपल्या गाड्या भरून ठेवतो.

तू नोव्हेंबरात अलिबागला जाणारच आहेस, तर तिथल्या जवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या खडकापाशी त्याच्या नावाने नारळ ठेव. परतफेडीचा नवस आत्ता बोलत नाही, आधी तो येऊ दे. कोणी येणारं असलं तर सोललेले कडवे वाल अर्धा किलो पाठव, काल बिरड्याला इथले वापरले, शिजून पार लगदा झाला. भावोजींच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव.

तुझी,
धाकटी