बुडालेल्या गावाचा एक फलक तरी लावा

संपादक साहेब, मागच्या रविवारी पोरांना घेऊन आंभोऱ्याला गेलो होतो, वैनगंगेवरचा नवा पूल पाहायला अर्ध नागपूर लोटलं होतं, सेल्फी, भुट्टे, गाड्यांची ही लाईन. पोरगं म्हणे बाबा तुमच्या मामाचं गाव कुठं आहे, अन् मला पाण्याकडं बोट दाखवावं लागलं.

कुही तालुक्यातलं गाव, मिरची अन् धानाचं. उन्हाळ्यात अंगणभर मिरची वाळत असायची, शिंका देतच घरात शिरायचो. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी याच नदीवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं तेव्हा धरणाचा अंदाजे खर्च होता 372 कोटी, पुढं तो हजारो कोटींत गेला, 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पही झाला. गाव मात्र एकदम नाही हो मेलं. आधी घरांवर लाल रंगानं नंबर पडले, मग कोणी नवं घर बांधेना, पोरींची स्थळं परत जायला लागली. शेवटी मामानं स्वतःच्याच हातानं कवेलू उतरवले, सागवानी चौकट उपटून ट्रॅक्टरवर टाकली. पुनर्वसनाच्या घराला ती बसलीच नाही, अजून भिंतीला टेकून उभी आहे.

धरण नको होतं असं म्हणत नाही, पाणी सगळ्यांनाच पाहिजे. पण पुलावर एवढे लाईट लावलेच आहेत तर पाण्याखाली कोणकोणती गावं आहेत त्यांच्या नावांचा एक बोर्डही लावा ना राव.

— एक वाचक, नागपूर