दहा फुटांची रिंग

दापोली,
२० ऑगस्ट २०२५

प्रिय लंबू,

बास्केटबॉलच्या आशिया कपाला तू जेद्द्याच्या स्टेडियममधून पाठवलेला आवाज मी आजही पुन्हा ऐकला. आधी नुसता गलका, मग कुणाच्या तरी शिट्ट्या, आणि मध्येच तुझं ते, "आरं, ओव्हरटाइम! मॅच ओव्हरटाइमला गेली!" बाहेर पाऊस ओतत होता, लाइट गेली होती आणि मी ओटीवर मोबाइल कानाला लावून बसलो होतो. आईनं विचारलं, "कुणाचं काय झालं रे?" मी म्हटलं, "आपण जॉर्डनला गाठलंय." तिला काही कळलं नाही, पण तिनं देवापुढची वात मात्र पुढे सारली.

शेवटी ९१-८४ नं गेली. मग चीन, मग सौदी, तिन्ही सामने हरून आपली पोरं परत आली. २०२२ ला जकार्त्यातही तिन्ही हरलो होतो. इथे ज्याला त्याला एवढंच दिसतं. परवा एक ओळखीचे गृहस्थ मला म्हणाले, हरायलाच जायचं तर एवढ्या लांब कशाला जायचं? मी तिथे काही बोललो नाही. घरी आल्यावर उत्तर सुचत गेलं, ते तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला ते पहिल्यापासून सांगावं लागेल. तू त्या रिंगखाली माझ्याबरोबर उभा होतास.

आठवतंय ना? आपल्या मैदानाचे खांब सिमेंटात पुरलेले, आणि दर पावसाळ्यानंतर वाहून गेलेल्या जागी तांबड्या मातीचा नवा भराव, वर रोलर. खांब होते तिथेच, जमीन मात्र वर्षावर्षानं वर येत गेली. आपण सातवीत खेळायला लागलो तेव्हा रिंग किती खाली आलीय हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. त्या रिंगवर आपण राजे होतो. तू नववीत उडी मारून रिंगला हात लावलास तेव्हा अख्खी शाळा बघायला आली होती. आणि मग रत्नागिरीला जिल्ह्याच्या सामन्यांना गेलो. पहिला शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर. दुसराही तिथेच. फ्री थ्रो तर जाळीला खालून शिवले. तू एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलास, ते थेट चिपळूण मागे पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सरांनी सुताराकडून टेप आणली. तू स्टुलावर चढून वरचं टोक रिंगला लावलंस, मी खालचं धरलं. नऊ फूट पाच इंच. सर कितीतरी वेळ टेपकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "पोरांनो, तुमचा नेम चुकलेला नाही. तुम्हाला खोटी रिंग दिली आम्ही."

लंबू, आशियाचा बास्केटबॉल महासंघ काय कामाचा, असं कुणी विचारलं की मला ती टेप आठवते. ३.०५ मीटर, म्हणजे आपले दहा फूट. मनिलात तेवढेच, बैरुतमध्ये तेवढेच, आणि तू ज्या किंग अब्दुल्ला स्पोर्ट्स सिटीत बसला होतास तिथेही तेवढेच. बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर ठेवतात ते वेगळं, ते त्यांच्या हाताला झेपावं म्हणून. पण मोठ्यांच्या खेळात कोण किती उंच, कुणाकडे किती पैसा, हे बघून रिंग वरखाली होत नाही.

१९६० साली मनिलात पहिली आशियाई स्पर्धा झाली आणि फिलिपिन्सनं जिंकली. चीन पहिल्यांदा उतरला तो १९७५ ला, बँकॉकमध्ये, आणि त्यानं पहिल्याच फटक्यात विजेतेपद नेलं. त्याच बँकॉकच्या स्पर्धेत आपण चौथे आलो होतो. चौथे! पन्नास वर्षं झाली, त्याच्यावर आपण गेलेलो नाही. मी ज्यांना शाळेत खेळ शिकवतो त्या मुलींना हे सांगतो तेव्हा त्यांना वाटतं सर काहीतरी वाढवून सांगतात. मग मी २०१४ चं सांगतो, वूहानमधलं, चीनला त्यांच्याच घरी आपण ६५-५८ नं हरवलं ते. त्यावर त्या टाळ्या वाजवतात.

आता ऑस्ट्रेलियाचं. २०१७ पासून ओशिआनियाचे देश आशिया कपात आले, आणि तेव्हापासून तिन्ही कप ऑस्ट्रेलियानं नेले. लोक म्हणतात, आशियाच्या पंगतीत हे कुठून आले? मलाही आधी तसंच वाटायचं. पण अंतिम सामन्यांचे आकडे ओळीनं मांडून बघ. २०१७, बैरुत : इराणवर ७९-५६, म्हणजे तेवीस गुणांनी. २०२२, जकार्ता : लेबनॉनवर ७५-७३, दोन गुणांनी. आणि आत्ता रविवारी तुझ्या जेद्द्यात चीनवर ९०-८९. एका गुणानं! ऑस्ट्रेलिया तीच तगडी राहिली आणि तिच्यासमोर उभे राहणारे जवळ सरकत गेले. तिला बाहेर ठेवलं असतं तर कप आशियात राहिला असता, पण नऊ फूट पाच इंचांवर. जॉर्डनपुढे आपण सात गुणांनी आणि तेही ओव्हरटाइममध्ये हरलो, ते मला म्हणूनच लाखमोलाचं वाटतं. गावात गाव जिंकून मिळणारा कप मी आपल्या वेळी पाहिलाय.

बायकांच्या संघाचंही तसंच. २०१७ ला बेंगळुरूत आशिया कपाच्या ब गटात आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ नं हरवून वरच्या गटात पाऊल टाकलं. दोन वर्षांनी त्याच बेंगळुरूत वरच्या गटात शेवटच्या, आठव्या आल्या. तरी त्या पहिल्या विजयाचा सामना मी आमच्या मुलींना तुकड्यातुकड्यानं दाखवतो. शेवटची दोन मिनिटं तर त्यांना पाठ झालीत.

आता मुख्य गोष्ट, तुझ्या भाचीची. ती आमच्यात खेळते हे तुला तुझ्या अम्मीनं सांगितलंच असेल. आठवीत आहे, हात तुझ्यासारखे लांब, आणि चेंडू सोडताना मनगट असं वळतं की मी शिकवायचं विसरतो. जूनमध्ये एक दिवस ती सराव संपल्यावर मागे रेंगाळली. म्हणाली, "सर, मी स्कार्फ बांधून खेळले तर मोठ्या मॅचमध्ये काढायला लावतील का?" कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं.

तो प्रश्न खोटा नव्हता रे. २०१४ ला वूहानमध्ये, आपण चीनला हरवलं त्याच स्पर्धेत, अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या आपल्या दोघांना पगडी उतरवून खेळायला लावलं होतं. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढा म्हणाले, तर त्यांनी सामना सोडून दिला, पण काढला नाही. नियम होता की डोक्यावर काही चालणार नाही, कुणाला इजा होईल म्हणून. तीन वर्षं लोक त्याच्यामागे लागले. शेवटी मे २०१७ मध्ये फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघानं, नियम बदलला आणि १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. आता डोकं झाकता येतं. चेहरा उघडा हवा, लोंबणारं किंवा टोचणारं काही नको, रंग काळा, पांढरा किंवा गणवेशाचा.

मी तिला हे सगळं सांगितलं, मोबाइलवर नियमही दाखवला. तिनं तो दोनदा वाचला. "म्हणजे कायमचं चालेल?" "कायमचं." दुसऱ्या दिवशी ती काळा स्कार्फ मागे घट्ट खोचून आली, आणि तिच्या मोहल्ल्यातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर. आता अकरा जणी येतात. दोघींच्या घरी मी स्वतः जाऊन आलो, त्यातल्या एकीच्या आजीनं मला नियम मोठ्यानं वाचायला लावला, आणि मग नारळवडी दिली.

कोर्ट सध्या चिखल आहे, त्यामुळे आम्ही शाळेच्या व्हरांड्यात ड्रिबल आणि पासिंग करतो. चिऱ्याच्या भिंतीवर खडूनं गोल काढलाय. नवी जाळी हर्णैच्या एका खलाशानं मासेमारी बंदीच्या दिवसांत विणून दिली, जुन्या नायलॉनची, बारा हुकांत नेमकी बसते. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पोरींची आहे तर मासा अडकेल इतकी पक्की करतो. ती अजून रिंगला लावलेली नाही, माझ्या कपाटात आहे.

ह्या पत्राबरोबर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि तुझ्या अम्मीनं दिलेला सुक्या जवळ्याचा डबा पाठवतोय. डबा आधी उघड, वास बाकीच्याला लागेल. भाभींना सलाम सांग.

तू डिसेंबरात येतोयस तर थोडं आधी कळव. दिवाळीनंतर मैदानावर पुन्हा भराव पडेल. या वेळी मी आधीच सांगून ठेवलंय की माती पडली की खांबावरचा बोर्ड तेवढाच वर घ्यायचा, त्यासाठी वेल्डिंगवाल्याशी बोलणंही झालंय. टेप नवी आणलीय. तुझी भाची म्हणते वरचं टोक ती धरेल. मी तिला सांगितलंय, पहिल्यांदा मामा धरेल, तू स्टूल धर.

तुझाच,
बंड्या