विंटेज गाडीला नंबर मिळाला, सुटे भाग कुठून आणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्यासह सगळ्याच दैनिकांत विंटेज गाड्यांच्या रॅलीची छायाचित्रे झळकतात. चकचकीत क्रोम, फेटा बांधलेले मालक, कडेला मोबाइल उंचावून उभे असलेले लोक. हौसेला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः त्याच पंथातला आहे. पण त्या गाड्यांचे सुटे भाग येतात कुठून, आणि पुढच्या दहा वर्षांत ते येणार कुठून, हा प्रश्न छायाचित्राखालच्या दोन ओळींत मावत नाही, म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेली पाटी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरती ती रस्त्यावर आणायची. इथवर सगळे रास्त आहे. मात्र याच नियमात अशीही अट आहे की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे मूळ भाग टिकवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आणि ते भाग टिकतील कसे, याकडे कोणी बघितलेच नाही.

माझ्याकडे १९५६ ची फियाट ११०० आहे. पुढच्या नाकाडामुळे महाराष्ट्रात जिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात, तीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जुळवली गेली. याच कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडत होत्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. एके काळी मुंबई हे मोटारी बनवणारे शहर होते, हे आता सांगावे लागते.

लोकांना वाटते की जुन्या गाडीचे इंजिन हीच डोकेदुखी. डुक्करच्या बाबतीत उलटे आहे. तिचे १०८९ सीसीचे इंजिन थोड्याफार बदलांसह पुढे याच कंपनीच्या नंतरच्या गाडीपर्यंत, म्हणजे प्रीमिअर पद्मिनीपर्यंत, चालत आले. त्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट यांतले बरेच काही पद्मिनीच्या मालातून भागवता येत होते. किंगपिनचे (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचे) बुश लेथवर करून मिळतात, ब्रेकचे सिलिंडर आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालून चालू करता येतात. खरी अडचण येते ती पत्रा, काच, रबर आणि क्रोम यांची. मागच्या दिव्याची लाल काच, दारांची हँडले, बॉनेटवरचा मोनोग्राम, व्हेग्लिया कंपनीच्या स्पीडोमीटरची काटा-तबकडी, पुढच्या काचेभोवतीचे रबर. यांतले काहीही पद्मिनीचे बसत नाही.

रबराची गोष्ट तर वेगळीच. कोणी म्हणतो, 'साहेब, कंपनीचा सीलबंद माल आहे.' पाकीट फोडले की आतले रबर लाकडासारखे कडक झालेले असते. साठ वर्षे पाकिटात राहूनही रबर म्हातारे होतेच. ते नव्याने करून घ्यायचे तर आधी डाय, म्हणजे साचा, बनवावी लागते आणि कारखानदार चार-पाच मीटरसाठी यंत्र सुरू करत नाही. दहा-बारा मालकांनी वर्गणी काढून माल उचलायचा, हाच मार्ग. इटलीतून मागवता येते, फियाटचे भाग तिकडे आजही बनतात. पण तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, वायपरची जोडणी इथे उपयोगाची नाही. जे उपयोगाचे आहे त्यावर कुरिअर आणि सीमाशुल्क चढले की घरात त्या बिलाबद्दल बोलता येत नाही. 'एवढ्या पैशांत नवी गाडी आली असती,' असे सगळे म्हणतात. खरे आहे. कदाचित दोन आल्या असत्या.

म्हणून आमच्यासारख्यांची सारी भिस्त जुन्या बाजारांवर. मुंबईत ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकाने, कुर्ल्याचा भंगार बाजार, चोर बाजार. पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. बाहेर दिल्लीचे काश्मिरी गेट, मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट. या दुकानांतला खरा खजिना गल्ल्यावर नसतो, माळ्यावर असतो. साठ-सत्तरच्या दशकांत घेतलेला आणि न खपलेला माल तेलकट कागदात तसाच पडून असतो. कुठल्या पेटीत काय, हे फक्त मालकाच्या डोक्यात. दुकानाच्या इमारतीचा पुनर्विकास ठरतो किंवा वडील जातात आणि मुलाला या धंद्यात रस नसतो, तेव्हा तो माळा दोन दिवसांत रिकामा होतो. किलोच्या भावाने. कार्बोरेटर आणि दाराची कडी एकाच तराजूत. मुलाचा दोष मी मानत नाही, त्याला जागा रिकामी करून द्यायची असते आणि दारात गिऱ्हाईक म्हणून भंगारवालाच उभा असतो.

दुसरा झरा होता टॅक्सींचा. पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावरही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिच्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. कोणी पिस्टन बनवत होते, कोणी क्लच प्लेट. सरकारने टॅक्सींना २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा घातली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती, तिची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. टॅक्सी गेली याचे मलाही वाईट वाटले, पण तिच्या मागोमाग लेथवाले, कार्बोरेटर जुळवणारे, पत्राकाम करणारे कारागीरही हलणार, हे कोणी लिहिले नाही. टॅक्सीवाल्याच्या रोजच्या कामावर त्यांचे पोट होते. माझ्यासारखा वर्षातून दोनदा येणारा हौशी माणूस त्यांना कसा पुरणार?

आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रे सुरू झाली आहेत. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, याबद्दल दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच, की उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची गाडी तिथे आली तर पत्रा दाबायच्या यंत्रात घालण्याआधी तिच्या काचा, दिवे, हँडले, मीटर, कार्बोरेटर, गिअरबॉक्स काढून ठेवावेत, त्यांची यादी जाहीर करावी आणि ठरावीक मुदतीत कोणी मागितले तर नगावर विकावेत. केंद्राला किलोपेक्षा जास्तच पैसे मिळतील. १९८५ ची पद्मिनी आज नुसती म्हातारी गाडी आहे, पण २०३५ मध्ये ती नियमाने विंटेज ठरेल, आणि तोवर तिच्यातली एकही मूळ काच शिल्लक नसेल. व्हीए नोंदणीसाठी गाड्या तपासणारी समिती राज्यात असतेच. कोणत्या मॉडेलचे कोणते भाग जपायचे, ही यादी तिनेच करावी. तिला वेगळे कार्यालय लागणार नाही.

ओतकामाची सोय तर आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत नमुना दिला तर त्यावरून पॅटर्न करून ओतून देणारे हात आहेत. पण नमुना तरी हाती हवा ना! पितळेचा तुटका का होईना, एक तुकडा असला तर त्यावरून पन्नास होतात. तोच वितळवला तर प्रश्नच मिटला.

आपल्या वाचकांत जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांचे मालक नक्की असतील. त्यांना विनंती, की माळा उपसायचा ठरवलात तर भंगारवाल्याच्या आधी एखाद्या विंटेज क्लबला कळवा. यादी करायला, पेट्या उचलायला आम्ही स्वतः येऊ. आणि त्या माळ्यावर डुक्करच्या डाव्या बाजूच्या मागच्या दिव्याची लाल काच निघाली, थोडी चिरलेली असली तरी, तर ती कृपया तराजूत टाकू नका. दुकानदाराने सांगितलेल्या भावात घासाघीस करणार नाही, असे लेखी देतो.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे